अर्ध्यात तुटलेली नक्षी

"आई, हे मधूनच का कापलंय?" लेकीने स्क्रीनवर बोट ठेवलं.

एका ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवलेलं जुनं पुस्तक आज दुपारी आम्ही दोघी बघत होतो. लंडन, १७८७. अलेक्झांडर शॉने काढलेलं. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तीन सफरींतून आलेल्या वल्कलांचे खरेखुरे तुकडे त्यात बांधलेत. ताहिती, हवाई, टोंगा, ही प्रशांत महासागरातली बेटं.

वल्कल म्हटलं की मला वनवासातली सीताच आठवायची, अंगाला टोचणारं काहीतरी. आणि हे? कागदी तुतीची आतली साल भिजवून, लाकडी बडवण्याने बडवून बडवून तलम केलेली. चित्र मोठं केलं तर बडवण्याच्या खाचांच्या बारीक रेघासुद्धा उमटलेल्या दिसतात. हे काम तिथल्या बायकांचं.

लेकीचं बोट होतं तिथे तांबडी-काळी नक्षी कात्रीच्या सरळ रेषेपाशी तुटली होती. मोठ्या कापडांचे तुकडे करून प्रतींमध्ये वाटले, म्हणून एक प्रत दुसरीसारखी नाही. या नक्षीचा उरलेला भाग भलत्याच कुठल्या देशातल्या कपाटात असेल. मला फार लागलं ते.

शीर्षकपानावर कुकचं नाव आहे, शॉचंही आहे.

ही साल बडवत बसलेल्या बाईला घरचे काय म्हणून हाक मारत असतील?