पाच तारांचा अँटेना

बाकांच्या, छडीच्या आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी या स्मरणिकेत भरपूर येतीलच. मी आपला विज्ञान मंडळातल्या मुलांना एका दुपारी जमेल असा १४५ मेगाहर्ट्‌झचा अँटेना सांगतो. हौशी रेडिओवर बोलायला परवाना लागतो, तार कापायला नाही.

चार भोकांचं एसओ-२३९ सॉकेट (केबलचा प्लग बसतो ते), २ मिमी जाडीची पावणेतीन मीटर तांब्याची तार, ३ मिमीचे चार नट-बोल्ट आणि वॉशर, एवढंच सामान.

सॉकेटच्या मधल्या पिनेवरची उभी तार पाव तरंगलांबीची. ७१.३ ला मेगाहर्ट्‌झने भागलं की मीटर मिळतात. १४५ साठी ४९ सेंमी. कापताना मात्र ५२ ठेवा. चार बोल्टना बसणाऱ्या खालच्या चार तारा ५३ सेंमीच्या कापा. त्यातले दोनेक सेंमी बोल्टभोवतीच्या कडीत जातात. त्या ४५ अंशांत खाली वाकवायच्या. आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो, वाकवल्या की केबलला हव्या त्या ५० च्या जवळ येतो.

घोळ होतो तो डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना. सोल्डरिंगची बारीक इस्त्री पिनेला धरून बसलात की पिनेभोवतीचं प्लॅस्टिक वितळतं आणि पिन कलते. म्हणून टेफ्लॉनचं सॉकेट घ्या, ६० वॉटची इस्त्री वापरा आणि खालून केबलचा पीएल-२५९ प्लग घट्ट बसवून ठेवा, पिन सरळ राहते. तार आधी पॉलिश कागदाने लखलखीत घासा. डाग चकचकीत दिसला तर ठीक; राखाडी, रवाळ दिसला तर तो थंड बसलाय, पुन्हा करा.

मग मीटरवर एसडब्ल्यूआर बघा, म्हणजे अँटेनाकडून किती लाट परत येते याचा आकडा; १ म्हणजे काहीच नाही. सर्वांत कमी आकडा १४५ च्या खाली मिळाला तर तार लांब आहे. ५ मिमी कापलं की तो साधारण दीड मेगाहर्ट्‌झ वर सरकतो, त्यामुळे शेवटी पक्कड ठेवून कानस घ्या. १.५ च्या आत आलात की थांबा, १.१ च्या मागे लागण्यात अर्थ नाही. आकडा भलताच आला तर तारेला हात लावण्याआधी मल्टिमीटर लावा. पिन आणि सॉकेटची बॉडी यांच्यात बझर वाजता कामा नये. वाजला तर बहुधा प्लगमध्ये केबलच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलेला असतो.

उलट, फारच सुंदर आकड्यावरही विश्वास नको. आरजी-५८ या बारीक जातीची १५ मीटर केबल या वारंवारितेला जवळपास अर्धी शक्ती खाते, परतणारी लाटही खाते, आणि मीटर खूश दिसतो. मोजायचं ते अँटेनापाशी, हातभर केबलवर.

गच्चीवर चढवताना विजेच्या तारांपासून लांब. प्रत्येक टोक डोळ्यात जाणार नाही असं वळवा आणि हे वळण मापं घेण्याआधीच द्या. जोडावर स्वतःत चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. पाणी जाळीत एकदा शिरलं की केबल बदलावीच लागते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हौशी रेडिओ १४५.८०० वर खाली ऐकू येतो. स्थानकाच्या वेगामुळे ती वारंवारिता सरकते: जवळ येताना तीन-साडेतीन किलोहर्ट्‌झ वर, दूर जाताना तेवढंच खाली.