निसान 14 की 15? प्रेसमधली एक दुपार

मी पुण्यात एका छोट्या प्रेसमध्ये मराठी प्रूफं बघते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसात चर्चच्या पुस्तिका येतात, तशा एका पुस्तिकेत येशूच्या दुःखसहनाच्या आठवड्याचा तक्ता होता, एका बाजूला आपले वार, दुसऱ्या बाजूला यहुदी तारखा (निसान हा त्यांचा महिना), आणि तो मीच बसवला होता. गुरुवार निसान 14, शेवटचं भोजन. शुक्रवार निसान 15, वधस्तंभ. दुसऱ्या दिवशी छपाई.

त्या दुपारी रास्ता पेठेतले एक बेने इस्राएल (म्हणजे मराठी बोलणारे यहुदी) काका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले, टेबलावरचा तक्ता वाचून म्हणाले, "ताई, ही तारीख रात्री बाराला बदललीय का? आमचा दिवस सूर्य मावळला की बदलतो. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवे लागले की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, सुरू."

मला धस्स झालं. म्हणजे गुरुवार रात्रीचं भोजन, गेथशेमाने बागेतली अटक, रोमन सुभेदार पिलातासमोरची चौकशी आणि शुक्रवार दुपारचा मृत्यू हे सगळं एकाच यहुदी तारखेत येतं! पण कुठल्या? बायबलमधली मार्क आणि योहान ही येशूची दोन चरित्रं उघडून बसले. मार्क 14:12 म्हणतो वल्हांडणाचा (मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाचा) कोकरा मारायच्या दिवशी शिष्यांनी जेवणाची तयारी केली, म्हणजे ते वल्हांडणाचंच भोजन; कोकरा 14 ला दुपारी मारून रात्री खात, म्हणजे तोवर 15 लागलेली. आणि योहान 18:28 मध्ये शुक्रवारी सकाळी यहुदी लोक विटाळ नको म्हणून पिलाताच्या वाड्यात शिरत नाहीत, कारण वल्हांडणाचं जेवण अजून व्हायचंय, म्हणजे शुक्रवार 14. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की मंदिरात कोकरे दुपारी साधारण 3 ते 5 मध्ये मारत, आणि योहान पुढे 19:36 ला येशूबद्दल "त्याचं हाड मोडणार नाही" हे वचन आणतो, निर्गम 12:46 मध्ये तेच वल्हांडणाच्या कोकऱ्याबद्दल सांगितलंय. हे वाचताना अंगावर काटा आला, इतक्या वर्षांत मी ते असं शेजारी ठेवून वाचलंच नव्हतं.

पाळकांना फोन लावला. ते म्हणाले, काहीजण योहानातलं वल्हांडण म्हणजे सात दिवसांच्या सणातलं दुसरं जेवण धरतात, काहीजण वेगळ्या पंचांगाचं सांगतात. मला दोन्ही ओढूनताणून वाटतं, तसं मी बोलले पण. शिवाय खगोलगणितावरून येशूच्या मृत्यूसाठी इ.स. 30 चा 7 एप्रिल आणि 33 चा 3 एप्रिल हे शुक्रवार मांडले जातात, आणि दोन्ही 14 निसानला बसतात, म्हणजे योहानाला धरून. पाळक जरा थांबले, मग म्हणाले दोन रकाने करा, मार्क वेगळा, योहान वेगळा, लोकांना वाचू दे.

रात्री नऊपर्यंत तक्ता नव्याने बसवला, दिवसाच्या रेघा मध्यरात्रीवरून उचलून सूर्यास्तावर नेल्या. शुक्रवार संध्याकाळची रेघ मात्र दोन्ही रकान्यांतून सलग ओढली आणि जाड केली, कारण तिथे मार्क 15:42 आणि योहान 19:31 एकच सांगतात, शब्बाथ लागायच्या आत देह खाली उतरवायचा होता.