पिंजऱ्यातली लेअर कोंबडी परसात रुळवताना

अंड्यांच्या फार्मवर ७२ ते ८० आठवडे झाले की पांढऱ्या लेअर कोंबड्या किलोच्या भावाने काढून टाकतात. अशा कोंबड्या घरी आणल्या की पहिली अडचण येते पाण्याची. जन्मभर त्या पाण्याच्या नळीला लावलेल्या निपलला (छोट्या तोटीला) चोच मारून थेंब थेंब प्यायलेल्या असतात. समोर वाटी भरून ठेवली तरी त्यात पाणी आहे हे त्यांना उमगत नाही. म्हणून डालग्यातून काढल्याबरोबर मी एकेकीच्या चोचीचं टोक पाण्यात बुडवते, नाकपुड्या वर ठेवून. मग बोटाने वाटीत थेंब पाडत राहते. पडणारा थेंब दिसला की ती टोच मारते आणि तिथून पुढे जमतं. पहिल्या दिवशी लिटरभर पाण्याला सुपारीएवढा गूळ आणि चिमूटभर मीठ. तीन-चार तासांनी ते ओतून साधं पाणी. उन्हाळ्यात गुळाचं पाणी लगेच आंबतं.

हे झालं आणल्यानंतरचं. पण आणायला गेल्यावर फार्मच्या शेडमध्ये शिंका, सुजलेली तोंडं, निळे पडलेले तुरे किंवा अचानक मर दिसली तर दया बाजूला ठेवून रिकाम्या हाताने परत यावं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते.

बाजारात कोंबड्या पाय धरून उलट्या टांगून नेतात. या कोंबड्यांना तसं अजिबात धरू नये. रोजच्या अंड्याच्या कवचासाठी हाडांतला कॅल्शियम ओढला गेलेला असतो आणि पिंजऱ्यात हालचाल नसते, त्यामुळे पंखाचं किंवा मांडीचं हाड धक्क्यानेही मोडतं. दोन्ही पंख अंगाशी दाबून, दोन्ही हातांत उचलायचं.

तपासणी संध्याकाळी करते, तेव्हा त्या शांत असतात. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर कोंबडी खंगलेली आहे. शेपटीखालची पिसं फाकवून पाहावीत. पिसांच्या बुडाशी पांढरे गठ्ठे चिकटलेले दिसले तर ती उवांची अंडी. फार्मवर चोचीचं टोक कापलेलं असल्यामुळे त्यांना स्वतःचं अंग नीट विंचरता येत नाही, म्हणून उवा फार असतात. पायाचे खवले उचकटलेले असतील तर आत किडे आहेत. दोन-तीन आठवडे एक दिवसाआड खोबरेल तेल चोळायचं. वाढलेली नखं थोडी थोडीच कापावीत. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरावी.

नव्या कोंबड्या पूर्ण ३० दिवस वेगळ्या. वेगळ्या म्हणजे परसाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी भांडी, वेगळ्या चपला. आणि दाणा आधी घरच्या कोंबड्यांना, मग नव्यांना. बहुतेकांचा धीर दहाव्या दिवशी सुटतो, कारण कोंबड्या धडधाकट दिसायला लागलेल्या असतात. याच महिन्यात विष्ठा तपासून घेऊन जंताचं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्यावं, आणि त्या औषधासाठी ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लसही त्यांनाच विचारून. कुपी बहुधा शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते, तेव्हा शेजारपाजारच्या कोंबड्या मिळून एकाच दिवशी टोचाव्यात.

खाण्याचं सगळं गणित कापलेल्या चोचीवर आहे. वरची चोच आखूड, खालची पुढे आलेली; जमिनीवरचा तांदळाचा दाणा चिमटीत धरताच येत नाही, ढकलला जातो. अंगणात कणी फेकली की गावठी कोंबड्या फस्त करतात आणि ही नुसतीच टोचत राहते. तिला खोलगट भांड्यात निदान दोन बोटं थर असलेला लेअर मॅश (अंड्यांच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) लागतो, दिवसाला साधारण ११० ग्रॅम, थोडा ओलसर करून. ओलं उरलेलं संध्याकाळी टाकून द्यायचं, बुरशी धरते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. अख्खा दाणा हळूहळू, आठ-दहा दिवसांनी, आणि सोबत बारीक खडे. खड्यांशिवाय तो पोटात दळला जात नाही.

शेडमध्ये दिवे लावून सोळा तास उजेड दिलेला असतो. परसात तो कमी झाला की अंडी थांबतात, पिसं झडतात. घाबरू नये, ही विश्रांती तिला हवीच आहे. नवी पिसं यायला दोन महिने सहज लागतात. तेव्हा मूठभर सुकट धुऊन, खारटपणा काढून, चार-पाच कोंबड्यांत वाटून देते. उघड्या पाठीला दुपारचं ऊन लागू देऊ नये.

मग ओळख. आणखी दोन आठवडे मध्ये जाळी, आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना दाण्याची भांडी. त्यानंतर सूर्यास्ताच्या तासभर आधी मोकळ्या परसात सोडायचं, खुराड्यात नाही. आत पळायला जागा नसते. एकटी कधीच सोडू नये, किमान दोघी. भांडी तीन-चार, लांब लांब, आणि मागे दडता येईल अशी भिंतीला टेकवलेली फळी. दोन-तीन दिवस टोचाटोची होणारच, ती होऊ द्यावी. रक्त दिसलं तर मात्र जखमीला लगेच बाजूला घ्यायचं. लाल दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात. एखादी फारच छळत असेल तर नवीला नाही, त्या दांडगीलाच तीन दिवस डालग्याखाली नजरेआड ठेवते. परत सोडली की तिचा तोरा उतरलेला असतो. कोंबडा मात्र नव्यांच्या पाठीवर पिसं येईपर्यंत लांबच. त्याच्या नख्या उघडी कातडी फाडतात.

शेवटी शिकतात ते दांडीवर बसायला. वीतभर उंचीची, दोन इंच रुंद दांडी आणि खाली चार बोटं भाताचं तूस एवढं पुरे. पण अंधार पडला की या जिथे असतील तिथेच बसतात, कुंपणाच्या कडेलासुद्धा, आणि मुंगूस तिकडूनच येतं. दिवेलागणीला टॉर्च घेऊन शोधायचं, उचलून दांडीवर ठेवायचं, डोकी मोजायची आणि मगच खुराड्याचं दार लावायचं.