राहून गेलेली कामं

नर्सच्या समाधानाचा विषय निघाला की लोक पगाराचं बोलतात, नाहीतर पेशंटच्या आशीर्वादांचं. दोन्ही हवंच, आणि पगार तर नक्कीच हवा. पण ड्यूटी संपवून निघताना माझं मन शांत आहे की नाही, हे ठरतं त्या दिवशी काय काय राहून गेलं यावर.

इंजेक्शन, सलाइन कधी राहत नाही. त्याची वेळ चार्टवर असते, सही करावी लागते. राहतं ते, ज्याबद्दल राउंडला कुणी विचारत नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड स्वच्छ करणं, ऑपरेशननंतर हात धरून चार पावलं चालवणं, डिस्चार्जच्या वेळी गोळ्या नीट समजावून सांगणं. हीच तर शुश्रूषा. वॉर्डात माणसं कमी आणि पेशंट जास्त झाले की आधी हीच सुटते, आणि आपल्या हातून ती सुटतेय हे प्रत्येक सिस्टरला कळत असतं. तो सल पायांच्या दुखण्यापेक्षा जास्त वेळ टिकतो.

हे फक्त मलाच वाटतं असं नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्समागे सरासरी एक पेशंट वाढला की ती नोकरीवर नाखूश असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढत होती, पार पिळून निघण्याची २३ टक्क्यांनी. आणि शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी! म्हणजे आमचं समाधान आणि पेशंटचा जीव एकाच आकड्याला बांधलेले आहेत. तरीही एखादी सिस्टर ‘माणसं वाढवा’ म्हणाली की तिला सेवाभावाची आठवण करून दिली जाते. मला याचा मनापासून राग येतो.

आज मात्र सगळ्या जणी हजर होत्या. पक्षाघात झालेल्या आजींना भरवायला मला खरंच वेळ मिळाला. त्यांना नीट बसतं केलं, हनुवटी जरा खाली, अगदी छोटा घास. तो गिळला गेला, तोंडात काही उरलं नाही हे पाहून मगच पुढचा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून हे काम भरभर उरकताच येत नाही. वाटी संपली तेव्हा आजींनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. त्यांना बोलता येत नाही अजून. मी पण काही बोलले नाही.

उद्यापासून नाइट. दोघी रजेवर आहेत, म्हणजे पुन्हा ओढाताण होणार. इंचार्ज सिस्टरांशी बोलायचं ठरवलंय: हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवतानाच्या, वहीत आणखी एक रकाना आखूया. काय राहिलं आणि तेव्हा वॉर्डात किती जणी होत्या, एवढंच त्यात लिहायचं. मेट्रनकडे माणसं मागायला जाताना ती वही सोबत न्यायची.