सदुसष्ट, शहात्तर

बँकेत संध्याकाळी टॅली जुळली नाही की आमचे हेडकॅशियर सगळ्यात आधी फरकाच्या रकमेला नवाने भागून बघत. नि:शेष भाग गेला की चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, "आकडे उलटे पडलेत कुणाचे तरी. शोधा." शेजारशेजारच्या दोन आकड्यांनी जागा बदलल्या की फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो. ८१ चे १८ झाले तर त्रेसष्टचा फरक, ५४ चे ४५ झाले तर नऊचा. बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हे पाठ असतं. मलाही होतं. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी ते घरात वापरायची वेळ आली, ती दोनशे नव्याण्णव रुपयांसाठी.

कऱ्हाडजवळ माझी मावशी एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा नंदू, जर्मनीत. तिथलं कार्ड इथल्या अ‍ॅपला चालत नाही, आणि मावशीकडे बटणाचा फोन, म्हणून रिचार्जचं खातं माझ्याकडे. महिन्याला एक, असं म्हणायची सवय आहे, पण हा महिना २८ दिवसांचा. त्यामुळे वर्षात महिने बारा आणि रिचार्ज तेरा. तेराव्या महिन्याचा पगार आम्हाला कधी मिळाला नाही, पण तेराव्या महिन्याचं बिल मात्र नेमाने येतं. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२२ साली प्रत्येक कंपनीने निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवलाच पाहिजे असा नियम केला. तो प्लॅन असतो, पण शोधणाऱ्याला सापडतो.

तर मागच्या डिसेंबरात मी एक रिचार्ज विसरलो. मावशीनेही सांगितलं नाही. "तुला कशाला त्रास," हे तिचं नेहमीचं. आधी तिचे जाणारे फोन बंद झाले, मग येणारेही. आम्हाला वाटलं म्हातारी देवदर्शनाला गेली असेल. तिने मात्र शांतपणे बाजारातून नवीन सिम आणलं आणि शेजारच्या सुनेच्या फोनवरून मला कळवलं.

"नवा नंबर लिहून घे. अन् रिचार्ज मार. दुकानदार म्हणला, मारल्याबगर चालू व्हायचा न्हाई."

मावशी नंबर जोडीजोडीने सांगते. तिच्या पिढीतले सगळेच तसं सांगतात. अठ्ठ्याण्णव, बावीस, पुढे अजून दोन जोड्या, आणि शेवटी ठसक्यात, "सदुसष्ट." मी ऐकत ऐकत थेट अ‍ॅपमध्येच टाकत होतो. कागदावर लिहून घ्यायचीही तसदी घेतली नाही. अ‍ॅपने कंपनी ओळखली, सर्कलही दाखवलं: महाराष्ट्र आणि गोवा. मला तेवढा पुरावा पुरला. दूरसंचारच्या हिशेबात मुंबई वेगळी काढली की उरलेला सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल होतं, म्हणजे गडचिरोलीपासून काणकोणपर्यंत कुणीही चाललं असतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. कुणाला पैसे पाठवताना निदान समोरच्याचं नाव तरी दिसतं. रिचार्जला नाव नाही, गाव नाही. हिरवी टिक आली, खाली लिहून आलं, 'रिचार्ज यशस्वी'.

संध्याकाळी पुन्हा शेजारच्या सुनेचा फोन. "अजून बंदच हाय म्हणत्यात आत्या."

मी अ‍ॅप उघडलं, मावशीला नंबर पुन्हा सांगायला लावला. पहिल्या चार जोड्या बरोबर. पाचवी माझ्याकडे ७६, तिच्याकडे सदुसष्ट. फरक नऊ. हेडकॅशियर असते तर चष्मा कपाळावर गेला असता.

मावशी चुकलेली नव्हती. मीही बहिरा नाही. तिने 'सदु' म्हणताच माझ्या बोटाने सात दाबला, 'सष्ट' आलं तेव्हा सहा. जसं कानावर पडलं तसं बोटाने उतरवलं. आपल्या मराठीत एकं आधी बोलायचं आणि दशक आधी लिहायचं, ही कसरत आपण पहिली-दुसरीतच शिकतो आणि मग जन्मभर विसरून जातो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आणलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेत थट्टा झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर ऊतच आला. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा होत्या मंगला नारळीकर. उच्चाराचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने लहान मुलं अडखळतात, हे त्या न चिडता समजावून सांगत होत्या. त्या दिवसांत आमच्या कट्ट्यावर सगळ्यात मोठ्याने हसणारा मी होतो. बासष्ट वर्षांचा. म्हणजे साठ दोन वर्षांचा.

नंदूला हे सांगितलं तर तो म्हणाला, जर्मन लोकही 'सात आणि साठ' असंच म्हणतात, त्यालाही तिथे सुरुवातीला फोन नंबर लिहून घेताना घाम फुटायचा. जर्मनांची सोबत मिळाल्याने दोनशे नव्याण्णव रुपये काही परत येणार नव्हते.

मुळात हा नंबर चुकीचा लागलाच कसा, याचा मी रात्री विचार करत बसलो. आधार क्रमांकात असा घोळ होऊ शकत नाही. त्याच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा पहारेकरी असतो. आधीच्या अकरांवरून तो एका रीतीने काढतात. ती रीत फेरहुफ नावाच्या डच गणितज्ञाची. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, की हिशेब जमत नाही आणि क्रमांक दारातच अडवला जातो. मोबाइल नंबरला असा पहारेकरी नाही. दहाच्या दहा आकडे मोकळे. तुम्ही कसेही चुका, कुणाच्या तरी घरात जाऊन पडता.

सकाळी वसुलीला लागलो. अ‍ॅपवर आधी एका यंत्राशी बोलणं झालं. त्याने मला सहा पर्याय दिले, त्यांत 'मी मूर्खपणा केला' हा पर्याय नव्हता. शेवटी त्याने कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीचा तक्रारीचा नंबर १९८, पण माझं सिम दुसऱ्या कंपनीचं, तिथून १९८ लावला की माझीच कंपनी उचलणार. बायकोचा फोन मागून घेतला. एक दाबा, तीन दाबा, शून्य दाबा करत करत एका मुलीपर्यंत पोचलो. फार गोड बोलली. "सर, तुमचा रिचार्ज यशस्वी झालेला आहे."

"अहो, तीच तर अडचण आहे."

"सर, यशस्वी झालेला रिचार्ज परत होत नाही."

मी तिला बँकेचं उदाहरण दिलं. आमच्याकडे चुकून दुसऱ्याच्या खात्यात रक्कम गेली तर आम्ही त्याला फोन करायचो, संमतीचं पत्र घ्यायचो, उलटी नोंद टाकायचो. तिने ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. दोन दिवसांनी तक्रार 'निकाली' निघाल्याचा संदेश आला. निकाल काय, ते त्यात नव्हतं. या पायरीवर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तशी रीतसर सोय आहे. ट्राय स्वतः एकेकट्याच्या तक्रारी हाताळत नाही, एवढंही मला वाचून कळलं. पण अपिलाचा मसुदा लिहायला बसलो तेव्हा त्या मुलीचं म्हणणं माझ्या लक्षात यायला लागलं. चुकीच्या खात्यात गेलेले पैसे तिथेही पैसेच राहतात. रिचार्जचे पैसे त्याच क्षणी दिवस होतात. अठ्ठावीस दिवस. त्यातले दोन तर एव्हाना वापरून झाले होते. उलटी नोंद कशाची टाकणार?

यापेक्षा दुकानातला रिचार्ज बरा होता. आमच्या गल्लीतल्या दुकानात सुतळीने पेन बांधलेली एक वही असायची. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने नंबर लिहायचा. दुकानदार एकेक आकडा वाचून दाखवी, मगच बॅलन्स मारी. चूक झालीच तर वही पुढे सरकवायचा, "अक्षर कुणाचं आहे?" वाद तिथेच मिटला. त्याच्याही आधी नाण्याने खरवडायची कार्डं होती. त्यात कमी पैसे आल्याचा राग यायचा, पण दुसऱ्याला गेल्याचा नाही.

शेवटचा उपाय उरला होता. मी ७६ ला फोन लावला.

"कोण बोलायलंय?" मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज.

मी नाव सांगितलं. म्हणालो, परवा तुमच्या फोनवर चुकून माझा दोनशे नव्याण्णवचा रिचार्ज...

"ओटीपी देणार न्हाई," पलीकडून उत्तर आलं आणि फोन बंद.

त्यांचं काही चुकलं नाही. 'चुकून तुमच्याकडे पैसे आलेत, परत करा' हा ठकसेनांचा पेटंट डाव. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मी स्वतः चार नातेवाइकांच्या फोनमध्ये टाकून दिलेला. बँकेत होतो तेव्हा ग्राहकांना रोज बजावायचो, असा फोन आला की सरळ ठेवून द्या. इतका आज्ञाधारक ग्राहक मला नोकरीत कधी भेटला नाही.

दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी परीक्षाच घेतली. किती वाजता मारला? कितीचा? तुमचा नंबर काय? सगळं पटल्यावर जरा मऊ झाले. धारूरकडचे निघाले. ऊसतोडीला साताऱ्याकडे एका कारखान्यावर आलेले, मावशीच्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. त्यांना वाटलं होतं, पुण्यात शिकणाऱ्या पोराने रिचार्ज मारला. पोराला विचारलं तर पोरगंही बापाचा मान राखून गप्प बसलं.

"माझा त्याच दिशी संपला व्हता," ते म्हणाले. "मारायचाच व्हता. तुमचे पैसे ठिवून काय करू?"

मी म्हटलं, मोबाइलवरून पाठवाल का? ते हसले. त्यांच्याकडचाही फोन बटणाचाच. "थांबा, आठवड्याच्या बाजारला जाणार हाये. बघतो."

रविवारी दुपारी माझ्या फोनवर संदेश आला: दोनशे नव्याण्णवचा रिचार्ज यशस्वी. ज्या नंबरावरून मी बोललो होतो त्याच नंबरावर त्यांनी बाजारातल्या दुकानातून मारून दिला होता, वहीत स्वतः आकडे लिहून. माझा वर्षभराचा प्लॅन नोव्हेंबरातच घेऊन झालेला. त्यामुळे त्यांचे अठ्ठावीस दिवस आता पुढच्या नोव्हेंबरापर्यंत रांगेत उभे आहेत. वसुली झाली, असं बायकोला सांगितलं. तिने विचारलं, पैसे कुठायत? मी तिला रांग दाखवली.

मावशीचा रिचार्ज त्याआधी, चूक कळली त्याच संध्याकाळी, मी नव्याने केला होता. या वेळी कागद घेतला.

"शेवटचे दोन सुटे सांग मावशी."

"सदुसष्ट."

"सुटे गं."

"सहा. सात." मग थोडं थांबून, "साठाव्या वर्षी तुला आता बालवाडीत घालू का रे?" साठ तिच्या हिशेबात. मी तिला दुरुस्त केलं नाही.

दोघांचे नंबर मी साठवून ठेवलेत. एक 'मावशी सदुसष्ट', दुसरा 'शहात्तर'. माझ्या त्या चुकीला अठ्ठावीस दिवस झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर 'शहात्तर' उमटलं. फड उरकत आला होता, पुढच्या आठवड्यात गावाकडे निघायचं म्हणत होते. तोड किती झाली, पोराची परीक्षा कधी, असं थोडं बोलणं झालं.

"बरं सायेब, एक इचारू का?" ते म्हणाले. "काल संपला माझा. ह्या टायमाला न्हाई चुकलाव?"