दिवाडी, दादाची व्हॅन आणि दशमीची ओहोटी

लग्न होऊन फोंड्याला आले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून माहेरच्या पाहुण्यांना गोवा दाखवायचं खातं माझ्याकडे आहे. मंगेशी, जुने गोवे, मिरामार आणि मग हमखास प्रश्न, "एखादा शांत बीच सांग की!" आपण स्वतः गोव्यात सुट्टी घालवावी, हे मात्र कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

यंदा जानेवारीत दादा आणि वहिनी कोल्हापूरहून आंबोलीमार्गे कॅम्परव्हॅन घेऊन आले. प्रवासी वाहतुकीची ती मोठी गाडी असते ना, तशी एक जुनी घेऊन दादाने आतून पलंग, ओटा, फ्रिज, संडास असं सगळं बसवून घेतलंय. निवृत्तीचे पैसे त्यात घातले म्हणून वहिनी अजून धुसफुसते. कारवार, गोकर्ण करायचा त्यांचा बेत होता, पण बेंगळुरूहून भाचीचा फोन आला. बाळंतपणाच्या तारखेआधीच दवाखान्यात भरती केलं होतं. दोघं विमानाने गेले आणि व्हॅन आमच्या दारात राहिली. जाताना किल्ली हातात देत दादा म्हणाला, "उभी ठेवू नका. चार दिवस कुठंतरी जाऊन या. भांडी आत आहेत."

भांडी आत आहेत. एवढ्यावर सुट्टी ठरली.

पहिले दोन दिवस आम्ही नकाशा पुढ्यात घेऊन किनारे खोडत बसलो. किनाऱ्यावर व्हॅन लावायची आणि दार उघडून समुद्र बघत चहा घ्यायचा, हे चित्र फोटोत बरं दिसतं. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला 2019 पासून कायद्याने बंदी आहे, दंड बसतो. त्याआधी किनाऱ्यांवर चुली मांडून, बाटल्या फोडून लोकांनी जे करून ठेवलं होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे त्या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग तर मी स्वतःच खोडले. या दिवसांत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि रात्रीच्या दिव्यांनी बिचकतात. आमच्या दारावरचा दिवा तर दादाने क्रिकेटच्या मैदानात शोभेल असा लावलाय.

मग नवरा म्हणाला, "समुद्रच कशाला हवा? दिवाडीला जाऊ."

मांडवीच्या पात्रातलं हे बेट. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून समोर दिसतं, रायबंदरहूनही फेरीबोट आहे आणि पलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याची. कुंभारजुवे आणि सांत इस्तेव या बेटांना पूल झाले, दिवाडीला अजून फेरीबोटच. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा उत्सव असतो तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. पण 26 जानेवारीची जोडून सुट्टी उलटल्यानंतरच्या आठवड्यात कोण जातंय?

आता व्हॅन लावायची कुठे? कॅम्परव्हॅनसाठी आखलेल्या जागा आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. रस्त्याकडेला लावावी तर दिवाडीचे रस्ते एक गाडी जाईल एवढेच, दोन्ही बाजूंना शेतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचे मामा बेटावरच्या मळारला राहतात. त्यांच्या घरामागे माडांचं भाट आहे आणि एका कोपऱ्यात मोकळी जागा. फोन केला तर मामांनी आधी विचारलं, "गाडी किती लांब?" साडेवीस फूट. "उंच?" साडेनऊ. "मग एकदा येऊन वायर बघून जा."

म्हणून एका रविवारी आम्ही स्कूटरवर निघालो. पुढे नवरा, मागे मी, आणि माझ्या हातात दहा फुटी बांबू. फेरीबोटीवर एका बाईने विचारलं, "गुढी? आत्ताच?" मळारपर्यंत प्रत्येक वायरीखाली स्कूटर थांबवायची आणि मी बांबू उभा धरायचा. दोन ठिकाणी वायर टेकली. एकीला दुसऱ्या वाटेने वळसा होता. दुसरी मामांच्याच गेटावरची, केबल टीव्हीची. मामांनी काठीने ती वर उचलून फणसाच्या फांदीत अडकवली. मोहीम फत्ते.

दादाच्या व्हॅनची बॅटरी 12 व्होल्टची, 200 अँपिअर-तासांची लिथियम. म्हणजे हिशेबाने जेमतेम अडीच युनिट वीज. फ्रिज दिवसाला अर्धा-पाऊण युनिट खातो. पंखा आणि दिवे किरकोळ. एसी लावला तर दोन तासांत सगळं खलास, त्यामुळे एसी हा फक्त पाहुण्यांना दाखवायचा. टपावर 400 वॉटचे सोलर पॅनेल आहेत, पण त्यांना ऊन हवं आणि गोव्यात माणसाला सावली हवी. दोघांचं एकत्र जमत नाही. पाण्याची टाकी 90 लिटरची. दोन माणसांना जपून वापरलं तर तीन दिवस. वापरलेल्या पाण्याची वेगळी टाकी गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला. ही टाकी लक्षात ठेवा.

फेरीबोटीसाठी भरतीची वेळ साधायची, हे मला मामांनी बजावून सांगितलं होतं. ओहोटीला बोट खाली जाते आणि धक्क्याच्या उताराशी तिच्या फळीचा खळगा होतो. स्कूटरला फरक पडत नाही, पण ज्या गाडीचं बूड मागच्या चाकांच्या पलीकडे सहा फूट लोंबतंय तिला पडतो. वेळ काढायची रीतही त्यांनीच सांगितली, आपली कोकणातली जुनी: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास येतो. आम्ही निघणार त्या दिवशी माघ शुद्ध दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातची भरती, म्हणजे आठच्या बोटीने पार.

आम्ही धक्क्यावर पोचलो दीड वाजता.

कारण सांगण्यासारखं नाही. डबे, गादीच्या चादरी, आणि नवऱ्याला ऐनवेळी आठवलेला टायरमधल्या हवेचा विषय. व्हाइसरॉयच्या कमानीपाशी आलो, म्हणजे वास्को द गामाच्या पणतूने बांधलेल्या त्या कमानीपाशी, तेव्हा खाली नदी एवढी उतरलेली की धक्क्याचा एरवी न दिसणारा शेवाळी भाग उघडा पडला होता. थांबावं की जावं यावर आमचं एक छोटं भांडण झालं. मी थांबू म्हणत होते, हे इथे नोंदवून ठेवते.

गाडी उतारावरून हळूहळू खाली गेली. पुढची चाकं फळीवर चढली. बोटीवरचा खलाशी हात हलवत ओरडला, "पात्रांव, फाटलें लागतलें!" मागचं लागणार, हे मला उभ्या जागेवरून दिसतच होतं. त्याने धावत जाऊन दोन लाकडी फळ्या मागच्या चाकांखाली सारल्या. त्यामुळे बंपर वाचला. पण त्याच्या खाली कुठेतरी 'कड्' असा आवाज झाला आणि प्लॅस्टिकच्या नळाचा एक तुकडा घरंगळत शेवाळापर्यंत गेला. वापरलेल्या पाण्याच्या टाकीचा नळ. खलाशाने तो उचलून पुसला आणि मला दिला.

बोटीचा प्रवास काही मिनिटांचाच. त्या मिनिटांत आमच्या व्हॅनमधलं बेसिन निकामी झालं होतं. त्यात हात धुतले तरी पाणी सरळ जमिनीवर.

मळारला पोचल्यावर मामींनी आधी जेवायला बसवलं, मग व्हॅन आतून पाहिली. पलंग दाबून बघितला, कपाटं उघडली, फ्रिजमध्ये डोकावल्या. बेसिनची हकीकत ऐकून म्हणाल्या, "विहिरीवर घासा भांडी. नाहीतरी एवढ्याशा भांड्यात कोण घासणार?" आणि संडासच्या डब्याचं काय करायचं, हा मला पंधरा दिवस छळणारा प्रश्न मामांनी एका वाक्यात निकालात काढला. घरामागच्या टाकीचं झाकण दाखवलं आणि म्हणाले, "रोज सकाळी, पोदेर (पाववाला) यायच्या आधी." हे प्रवासवर्णनात लिहू नये म्हणतात. पण कॅम्परव्हॅनचा बेत करणाऱ्याने सगळ्यात आधी हेच विचारून घ्यावं.

पहिल्या रात्री साडेनऊला दिवे मालवले. माडांच्या झावळ्यांतून चांदणं, लांब कुठेतरी एक कुत्रा, बाकी काही नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "ऐकतोयस? काहीच ऐकू येत नाही." अकराच्या सुमाराला एक घरघर सुरू झाली. वाढत वाढत ती पाण्यावरून अशी काही घुमली की फ्रिजवरची चमच्यांची बरणी किणकिणली असं मला वाटलं. कोकण रेल्वे! रूळ या बेटावरूनच जातात, आणि त्यावरून मी स्वतः कितीतरी वेळा थिवीहून करमळीला आलेय, खिडकीतून ही शेतं बघत. वायरी मोजल्या, पाणी मोजलं, भरती मोजली (आणि चुकवली), पण रेल्वे कोणालाच आठवली नाही. दुसऱ्या रात्री जाग आली नाही. तिसऱ्या रात्री मी तिची वाट बघत होते.

सकाळी पोदेराचा भोंगा. सायकलवरची मोठी टोपली, निळं प्लॅस्टिक बाजूला सारल्यावर गरम पोय आणि उंडे. व्हॅनला बघून तो थबकला, मग दारावर टकटक करून विचारलं, "किती?" घर समजूनच विचारलं त्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा मामा आम्हाला बांधावर घेऊन गेले. दिवाडीची सखल शेतं म्हणजे खाजन. नदीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत खारं सोसणारं कोरगूट भात पिकवायचं, असं हे शेकडो वर्षांचं काम. बांधात जिथे पाण्याला वाट ठेवतात ती मानस. मी आजवर गाडीतून जाताना ती नुसती बघितली होती. आता वाकून पाहिलं. दगडी भिंतीत लाकडाची दारं, त्यांना कडी नाही, कुलूप नाही. भरती आली की नदीचंच पाणी दाराला ढकलून ते बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी आतून रेटतं आणि दार उघडतं. आम्ही उभे होतो तेव्हा पाणी फिरत होतं. आधी दारांच्या फटीतून बारीक चुळचुळ, मग एका दाराने कूस बदलल्यासारखी हालचाल केली, मग भसकन पाणी बाहेर. त्या तोंडाशी जाळं लावतात आणि पाण्याबरोबर बाहेर पडणारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, त्यात सापडतात. मासेमारीचा हा हक्क दर वर्षी लिलावाने दिला जातो. भात कापून झाल्यावर शेतात खारं पाणी घेतात, म्हणजे तेच शेत काही महिने भाताचं आणि काही महिने माशांचं.

चिखलात एक पंजा मोठा असलेले लहान खेकडे तो पंजा वर-खाली करत होते, जणू सगळ्यांनाच टॅक्सी थांबवायची होती. मी काठावर बसून पाय सोडायला गेले तर मामा म्हणाले, "तसं नको. मगर असते." कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे मला माहीत होतं, तिथे त्या बघायला पर्यटक बोटीतून फिरतात. कालवा इथून फार लांब नाही, हे तेवढं लक्षात आलं नव्हतं. पाय वर घेतले.

तिसरा दिवस नार्व्याचा. बेटावरचं जुनं नार्वे हे सप्तकोटेश्वराचं मूळ ठिकाण, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूच्या नार्व्यात नेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. व्हॅन भाटातच ठेवून आम्ही साध्या माणसांसारखे फेरीबोटीने पलीकडे गेलो. पायी जाणाऱ्याला तिकीटही नाही. देऊळ लहानसं, डोंगराच्या कुशीत, दाराच्या वरच्या बाजूला महाराजांचा शिलालेख. पाहुण्यांना मी इथे कधीच आणलं नाही, याची जरा लाजच वाटली.

परतताना टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चपाशी थांबलो. तिथून मांडवीपलीकडे जुन्या गोव्याची चर्चं आणि मधली हिरवी खारफुटी दिसते. नवरा कठड्याला टेकून म्हणाला, "दादाला सांगू या का, नळाचं?" मी म्हटलं, बाळ होऊ दे आधी.

त्या रात्री फोन आला. मुलगी झाली. दादा एवढा खूश होता की मी नळाचंही सांगून टाकलं. "असू दे गं," म्हणाला, "मीसुद्धा दोनदा तोडलाय. ओट्याखालच्या पेटीत तिसरा आहे."

तीन दिवस मी विहिरीवर भांडी घासत होते. एका अर्थी बरंच झालं. मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, कसं घालायचं ते मामींनी तिथेच सांगितलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज त्यांच्या पडवीत. कॅम्परव्हॅनमध्ये आम्ही शिजवला तो फक्त चहा, तोही पहिल्याच दिवशी.

निघायच्या दिवशी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. मी साडेआठलाच नवऱ्याला गाडीत बसवलं. मामींनी कोरगुटाचे तांदूळ पिशवीभर दिले, मामांनी गेटावरची वायर परत फांदीवरून सोडवली. धक्क्यावर नदी काठोकाठ होती, बोटीची फळी जवळजवळ सपाट. व्हॅन कुठेही न टेकता आत गेली. खलाशी तोच. त्याने वाकून गाडीखाली पाहिलं, तुटक्या नळाच्या जागी नवा निळा नळ दिसला तसा माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि मागच्या दुधाच्या टेम्पोला आत घ्यायला वळला.