आमची वाटचाल: जेसीबीआधी पहार

धुळ्यात पाट्यांवर सगळे ‘बिल्डर’. आमच्या पाटीवर ‘पाडकाम व जुना माल’. लोक हसायचे, अजूनही हसतात.

सुरुवात अमळनेरकडच्या एका धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरापासून झाली. काम उक्तं घेतलेलं, जेसीबीने दोन दिवसांत आडवं करायचं. घरचे म्हातारे नाना ओट्यावरून उठेचनात. म्हणाले, “हाऊ खांब मन्हा आजलाना शे, जपीसन काढा.” म्हणजे खांब माझ्या आजोबांचा आहे, जपून काढा. दोन दिवसांचे अकरा झाले. पण सागवानी खांब, कड्या, चौकटी अखंड निघाल्या. विटा मातीत रचलेल्या, हलकं ठोकलं की सुट्या. धाब्यावरची खारी मातीसुद्धा पावसाळ्याआधी आपलं धाबं नीट करायला शेजारच्यांनी नेली. फेकायला उरली एक ट्रॉली. मजुरी जाऊनही हातात बरे पैसे राहिले, तेव्हा हा धंदा कळला.

सिमेंटचं घर मात्र इतकं समजूतदार नसतं. वीट मसाल्याला अशी धरून बसते की दोघं सोबतच फुटतात. सळई घणाने मोकळी करून भंगारात जाते आणि डबराचा ढीग राहतो. पूर्वी तो नाल्यात जायचा. आम्हीही टाकलाय, खोटं कशाला बोलू?

मग वाटलं, आपल्याकडे काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जोत्यात भरायला मुरूम विकत आणतो, त्याऐवजी डबर का नको? न निवडताच एका घराला भरला. त्यात पीओपीचे तुकडे, लाकडाचे ढलपे. वर्षभरात फरशी दबली, चौकटीला वाळवी लागली. सगळं स्वखर्चाने उखडून दिलं. तेव्हापासून जागेवरच काँक्रीट, वीट, लोखंड, लाकूड, माती वेगळी करतो. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्यासाठीच्या 2016 च्या केंद्राच्या नियमांतही हेच निवडणं होतं, पण मला ते त्या फरशीने शिकवलं.

फोडलेल्या काँक्रीटची खडी आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणे एम 25 या ताकदीपर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, 20 टक्क्यांपर्यंत चालते, बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये 25. मी ती फक्त पायाखालच्या कोब्याला देतो. स्लॅबला कोणी मागितली तरी नाही.

परवा एकाने फोनवरच पाडायचा भाव विचारला. म्हटलं, आधी सांगा, विटा मातीत आहेत की सिमेंटात? मातीत असतील तर पैसे मी देतो, सिमेंटात असतील तर तुम्ही द्या.